दप्तरखान्यातली इंटर्नशिप: लढाईचं पत्र नाही, लुगड्यांचा हिशेब

रुमालवाली (धागाकर्ती)

एम.ए. इतिहासाला आता चार क्रेडिटचं 'ऑन जॉब ट्रेनिंग' असतं. वर्गातल्या बहुतेकांनी म्युझियम, शाळा, हेरिटेज वॉकवाले असं काहीबाही पकडलं. मी पुण्यातल्या एका संस्थेच्या दप्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, गेले. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या घराण्याच्या कागदांवर काम केलं त्यांची यादी अजून प्रसिद्ध व्हायची आहे, आणि घरच्यांची परवानगीही तेवढ्यापुरतीच आहे. व्यक्तिगत निरोपातून बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून हा वेगळा धागा.

दप्तरात बसलं की रोज एखादं अप्रकाशित शिवकालीन पत्र हाती लागतं, असं समजणाऱ्यांनी (यात आमचा मामा पहिला) आधीच सावध व्हावं. रुमाल सोडला की निघतो हिशेब. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. पुणे अभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात असे ३९ हजारांच्या आसपास रुमाल आहेत. त्यातून रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आपण पुस्तकांतून वाचतो ती पेशवाई बरीचशी अशा निवडींमधून आलेली. मागे राहिल्या त्या रोजकीर्दी, झडत्या, तेरजा, ताळेबंद, म्हणजे सगळे हिशेबाचेच कागद. माझ्या वाट्याला आलेलं दप्तर खासगी घराण्याचं, आकाराने त्यापुढे चिमूटभर, पण प्रमाण तेच: पत्रं मूठभर आणि जमाखर्च ढीगभर.

दिवस कसा जायचा ते सांगते. रुमाल टेबलावर आला की सोडताना आधी फोटो: गठ्ठा कसा बांधला होता, कुठला कागद कुणाच्या पोटात होता. मग मऊ ब्रश, मधून कडेकडे. हातमोजे नाहीत, धुतलेले कोरडे हात. हातमोज्यातून कागदाची कड जाणवत नाही आणि ती फाटते. पेन बाहेर लॉकरमध्ये, आत फक्त शिसपेन्सिल. काही घड्यांतून वाळूचे कण पडतात, शाई सुकवायला टाकलेली वाळू. हातकागद आणि काजळाची शाई यांना मात्र तोड नाही, अडीचशे वर्षांनीही अक्षर काळंभोर. त्याच दप्तरातले १८८०-९० चे गिरणीचे कागद बिस्किटासारखे तुटतात. त्या कागदातच आम्ल असतं, आपण कितीही जपलं तरी ते आतून खात राहतं.

मग वाचन. मोडीचा कारकून आधी आडव्या रेघा ओढून ठेवतो आणि बोरू शक्य तितका न उचलता त्याखाली अक्षरं लिहीत जातो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी एकच, उकार एकच. वर्गात छापील कित्त्यावर मोडी 'येते', पण खऱ्या कारकुनाच्या घाईच्या अक्षरासमोर ती पुन्हा शिकावी लागते. माझ्या कागदांतल्या एका कारकुनाचा 'र' ओळखायला मला इतका वेळ लागला की आता तो माणूस रस्त्यात भेटला तर ओळखेन असं वाटतं.

तारखा हे वेगळंच प्रकरण. 'सु॥ सबा सबैन मया व अलफ' म्हणजे अरबी आकड्यांत सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणून शुहूर सन (त्या काळच्या कागदांतली एक कालगणना) ११७७. त्यात ५९९ मिळवा, १७७६ आलं. पण हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे कागद जानेवारी ते मे यांमधला असेल तर ६०० मिळवायचे. महिना हिजरी, आणि तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र. रकमाही सरळ नसतात: एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥। वाचलं की पावणेसहा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. एका रुमालासमोर जुन्या हस्तलिखित यादीत एवढंच होतं: 'घरखर्च, किरकोळ'. कुणीतरी काही दशकांपूर्वी केलेली यादी. आत कापडवाटणीची एक लांब याद निघाली, बंदाला बंद, म्हणजे कागदाला कागद, चिकटवलेली. वर घरातल्या बायका, मग आश्रित, मग शागीर्दपेशा (नोकरचाकर), आणि सगळ्यात खाली कुणबिणी. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, किंवा बदकर्माच्या आरोपावरून शिक्षा म्हणून सरकारात आणलेली दासी. प्रत्येकीचं नुसतं नाव. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, गावाचं नाही. नावापुढे लुगड्याचे दाम. काहींपुढे 'पोर १'. एकीपुढे 'मयत', आणि खाली तिच्या लुगड्याचे दाम वजा करून बाकी ओढलेली.

इतका वेळ मी भराभर रकाने भरत होते, तिथे हात थांबला. तिथलं काम बघणाऱ्या मॅडमना विचारलं, नव्या यादीत हे कसं लिहायचं? त्या म्हणाल्या, "कुणबिणींची नावं आहेत, संख्या आहे, कापडाचे दर आहेत, पोरांची नोंद आहे, हे सगळं वर्णनात घाल. 'बिचाऱ्या' लिहू नकोस. जे कागदावर आहे तेच लिही, पण सगळं लिही."

मग बाकीचे 'किरकोळ' रुमालही त्याच नजरेने बघायला लागले. पुढच्या वेळी सवडीने लिहीन, तोवर प्रश्न विचारा.

हापूस_८२

वाखूसा (वाचनखूण साठवली)! फार छान लिहिलंयस. एक बापाचा प्रश्न, राग मानू नकोस. आमची कन्या बारावीत आहे आणि इतिहासच घेणार म्हणून हटून बसलीय. मानधन मिळतं का? पुढे पोटापाण्याचं काय?

रुमालवाली

राग कसला काका, आमच्या घरीही हाच प्रश्न रोज रात्री जेवताना असतो. मानधन शून्य. प्रमाणपत्र आणि दोन वेळचा चहा. पुढचं खरं सांगायचं तर अभिलेखागारांतल्या जागा थोड्या आहेत आणि भरतीची वाट बघण्यात वर्षं जातात. मोडी चांगली येत असेल तर लिप्यंतराची कामं मिळतात, पण ती पानावर असतात, महिन्यावर नाही. कन्येला सांगा, इतिहास घे, पण सोबत मोडी, थोडी फार्सी नाहीतर पोर्तुगीज, आणि कॉम्प्युटरवर तक्ते नीट करता येणं, यातलं काहीतरी हातात ठेव.

कोर्टकचेरी

पोटापाण्याबद्दल मी भर घालतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, त्यातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बऱ्याच ठिकाणी मोडीत. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे लोक पणजोबाच्या नोंदीपर्यंत जातात. आमच्याकडे जमिनीच्या दाव्यांतही इनामाच्या सनदा येतात. अशील कागद आणतो, त्याला वाचता येत नाही, मलाही नाही, आणि समोरच्या वकिलालाही नाही. तिघे एकमेकांकडे बघतो. तेव्हा मोडीला बाजारात किंमत नाही असं कुणी म्हणू नये. फक्त लिप्यंतर करणाऱ्याने प्रत्येक पानावर सही करावी, कोर्टात पुढे तेच विचारतात.

बोरूबहाद्दर

धागाकर्तीचे लेखन आवडले. तरुण मुले दप्तरात बसतात याचा आनंद आहे. तरीही दोन हरकती नोंदवतो.

पहिली. 'आपण वाचतो ती पेशवाई निवडीतून आलेली' हे वाक्य खरे असले तरी त्यातला सूर मला खटकला. सरदेसायांच्या आधी हे दप्तर अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो सरकारी दप्तरातून नव्हे, वाईला मिळालेल्या कागदांवरून. पुढचे खंडही गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरून, वाण्याच्या रद्दीतून. दप्तराचे दार उघडल्यावर मोजक्या माणसांनी अल्प काळात ४५ खंड हातावेगळे केले. त्यांनी आधी लढाया आणि राजकारण घेतले, कारण त्याचीच मागणी होती आणि तेच नसते घेतले तर पुढचे काम कुणी करू दिले नसते.

दुसरी. आजकाल 'सामान्यांचा इतिहास' म्हटले की टाळ्या पडतात. हिशेब वाचणे चांगले, पण हिशेबाला आधी हिशेब म्हणून वाचा. लुगड्याच्या दरावरून काही म्हणायचे असेल तर नाणे कोणते, बट्टा (नाणे बदलतानाची कपात) किती, गज कुठला, हे आधी सांगावे लागेल. मल्हारशाही रुपया आणि चांदवडी रुपया एका दराने चालत नसत.

रुमालवाली

बोरूबहाद्दर काका, दुसरी हरकत शंभर टक्के मान्य. म्हणूनच वर एकही दर लिहिला नाही. यादीत आम्ही दर जसेच्या तसे उतरवले आणि नाण्याचं नाव असेल तिथे तेही. बट्ट्याची नोंद काही ठिकाणी खाली वेगळी आहे.

पहिलीबाबत माझा सूर खरंच टीकेचा नव्हता. पण एक म्हणते. छापलेल्या निवडीला प्रस्तावना असते, त्यात संपादक सांगतो की मी काय घेतलं आणि का. यादीला प्रस्तावना नसते. यादी करणाऱ्याने 'किरकोळ' लिहिलं की तो रुमाल कुणी मागवतच नाही. न छापलेला कागद निदान मागवता तरी येतो. यादीतच नसलेला कसा मागवणार?

बोरूबहाद्दर

हे मान्य. यादीकार हा दप्तरातला सर्वांत दुर्लक्षित माणूस, आणि सर्वांत ताकदवानही. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

यंत्रमानव

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधीच क्षमस्व. पण याद्यांचा एवढा खटाटोप कशाला? सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाका. मोडी युनिकोडमध्ये २०१४ पासून आहे. हस्ताक्षर वाचणारी एआय मॉडेल्स रोज सुधारतायत. पाच वर्षांत मशीन सगळं वाचेल, मग 'कुणबीण' शोधा, सगळे कागद समोर.

रुमालवाली

स्कॅनला विरोध नाहीच, उलट मूळ कागद जितका कमी हाताळला जाईल तितकं बरं. पण दोन-तीन गोष्टी टेबलावर बसल्याशिवाय दिसत नाहीत.

एक तर पाठ. बऱ्याच कागदांच्या पाठीवर कारकुनाची नोंद असते, हा कागद कशाबद्दल, कधी आला. स्कॅनवाला घाईत कोरी दिसणारी पाठ सोडून देतो. दुसरं, घडीच्या पोटातला कागद. पत्रात पावती घडी करून ठेवलेली असते, आणि त्या दोघांचा संबंध फक्त त्या घडीमुळेच कळतो. स्कॅनमध्ये ते दोन सुटे फोटो होतात. फोटोचं नाव काय? आकडा. असे हजारो आकडे एका फोल्डरमध्ये असतील तर ते फोल्डर म्हणजे नवा 'किरकोळ' रुमालच.

मशीन वाचेल, नक्की वाचेल. पण आधी त्याला शिकवायला माणसाने वाचलेल्या हजारो ओळी लागतील ना? त्याही वेगवेगळ्या हातांच्या. पेशवेकालीन चिटणिशी वळण आणि इंग्रजी अमदानीतलं टाकाने लिहिलेलं वळण यांत जमीन-अस्मान. शिवाय कुणबीण म्हणून शोधलंस तर त्या यादीत तो शब्द फक्त मथळ्यात एकदा आहे. खालच्या नावांना तो लागू होतो हे कागदाची मांडणी कळल्याशिवाय समजत नाही.

यंत्रमानव

मांडणीचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. विचार करतो.

दक्षिणी

आम्ही तंजावरचे मराठी, म्हणजे घरात बोलतो ती मराठी तुम्हाला ऐकून हसू येईल. १६७६ ते १८५५ भोसल्यांचं राज्य इथे होतं. बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ चा लांबलचक मराठी शिलालेख बघायला पर्यटक येतात. पण सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी गठ्ठ्यांकडे किती जण वळतात? त्यातही पुष्कळसा जमाखर्चच आहे. छत्रांचा, म्हणजे वाटसरूंना जेवण देणाऱ्या धर्मशाळांचा, तांदूळ किती, ताक किती, कुणाला दिलं. अडचण अशी की इथे मोडी वाचणारा मिळाला तर त्याला मजकुरातले तमिळ शब्द अडतात, आणि तमिळ अभ्यासकाला मोडी येत नाही. पुण्याच्या विद्यार्थ्यांनी एखादी इंटर्नशिप इकडेही करावी. फिल्टर कॉफी माझ्याकडून.

मांडवी

शाईवरून आठवलं. गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ चं, दियोगु दु कोउतु हा पहिला रखवालदार. तिथल्या पोर्तुगीज बाडांत लोखंडी शाई वापरलेली. ती कागदाला खाते. काही पानांत अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकं आहेत, पान उजेडासमोर धरलं तर आरपार वाचता येतं. तुमची काजळाची शाई त्या मानाने देवमाणूस. फक्त पाण्यापासून जपा, कारण ती धुतली जाते. आमच्याकडे गावकऱ्यांची, म्हणजे कोमुनिदादींची, जुनी बाडं गोयकानडीत आहेत. ती लिपी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. त्या मानाने मोडीवाले तुम्ही श्रीमंत!

कृष्णाकाठ

धाग्यामुळे धीर आला म्हणून विचारते. सासरच्या वाड्यात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आजेसासूबाईंच्या काळापासून कुणी उघडली नव्हती. दिवाळीत साफसफाईला काढली तर आत मोडीच कागद, काही कापडात बांधलेले, काही सुटे. दीर म्हणतात, लॅमिनेशन करून फ्रेम करू, हॉलमध्ये छान दिसेल. सासरे म्हणतात, डांबरगोळ्या टाकून परत ठेवा. मला दोन्ही पटत नाही.

रुमालवाली

ताई, दिरांना आधी थांबवा! लॅमिनेशन म्हणजे प्लॅस्टिक गरम करून कागदावर कायमचं चिकटवणं. ते परत निघत नाही, निघालं तर अक्षर घेऊन निघतं. सेलोटेपही नको, फाटलं असेल तर फाटलेलं राहू द्या.

सासऱ्यांच्या डांबरगोळ्यांपेक्षा पूर्वीचे लोक करायचे ते बरं, वेखंडाची पुरचुंडी, कागदाला न टेकवता. ट्रंक ओल्या भिंतीपासून आणि जमिनीपासून वर ठेवा. कसर लागलेला गठ्ठा असेल तर तो वेगळा, बाकीच्यांत मिसळू नका. उन्हात वाळवायला तर अजिबात नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'नीट लावून' ठेवू नका. आकाराप्रमाणे, तारखेप्रमाणे, काहीच नाही. जे ज्याच्यासोबत बांधलंय ते तसंच. कापडं मळकी असली तरी फेकू नका, कधीकधी कापडावरच्या चिठ्ठीत गावाचं नाव असतं.

वाचून घ्यायचं असेल तर मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी ठेवून, पाठीचाही काढा.

कृष्णाकाठ

धन्यवाद गं. दिरांना धागा वाचायला दिला, ते सध्या गप्प आहेत. आम्ही कुणाला दान दिलं तर कागद आमचे राहतात का?

कोर्टकचेरी

ताई, दान आणि ठेव यांत फरक आहे, देताना लेखी करून घ्या. ठेव म्हणून दिले तर मालकी तुमची, जपणूक संस्थेची. दान केले तर संस्थेचे. दोन्ही प्रकारात स्कॅनची एक प्रत मागून घ्या. जमिनीशी संबंधित सनदा असतील तर देण्याआधी माझ्यासारख्या कुणाला तरी दाखवा, फुकटात दाखवा.

हापूस_८२

कन्येला धागा दाखवला. म्हणाली, बाबा, ट्रंकवाल्या काकूंकडे सुट्टीत जाऊ का? आता बोला. मोडीचा वर्ग कुठे असतो ते सांगा कुणीतरी.

बोरूबहाद्दर

पुराभिलेख संचालनालय वर्ग घेते, भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात. सदाशिव पेठेत जाऊन चौकशी करणे सर्वांत सोपे. पण वर्गाला जाण्याआधी कन्येने रोज एक पान बाराखडी गिरवावी, बोरू मिळाला तर बोरूने. बॉलपेनाने मोडीचे वळण येत नाही, हे माझे मत आहे आणि ते बदलणार नाही.

यंत्रमानव

विचार करून परत आलो. मशीन राहू दे. यादीसाठी एक साधा तक्ता बनवून देतो, मोबाइलवरही भरता येईल असा, फोटो आणि त्याची पाठ एकाच ओळीत बांधलेली, आणि 'हा कागद कुणाच्या पोटात होता' हा वेगळा रकाना. कृष्णाकाठ ताईंच्या ट्रंकेवर करून बघू, त्यांची हरकत नसेल तर. रुमालवाली, रकाने सांग. तारखेला एक पुरेल ना?

कृष्णाकाठ

माझी हरकत नाही. फोटो मी काढते, पण वाचायला कुणीतरी लागेल.

रुमालवाली

ताई, सुरुवातीची पानं मी वाचते, अडलं की बोरूबहाद्दर काकांना त्रास देऊ.

यंत्रमानव, तारखेला तीन रकाने ठेव. पहिल्यात कागदावर जशी लिहिली आहे तशी, अक्षराला अक्षर. दुसऱ्यात शुहूर, शके, फसली, हिजरी यांपैकी कुठला सन आणि त्याचा आकडा. तिसऱ्यात इसवी सन, आणि महिना वाचता आला नसेल तर तिथे एक आकडा न घालता १७७६-७७ असं जोडसाल घालता आलं पाहिजे. वर्णनाच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा नको. आणि यादीतून निवडायचे पर्याय देशील त्यात 'किरकोळ' हा पर्याय ठेवू नकोस.